हात झटकायची इंग्रजी

मोमिनाबादहून चतुरा घरी आली ती इंग्रजी झाडतच. बैलाच्या पाठीवर माश्या घोंघावत होत्या. गाडीतून उतरता उतरता तिने त्या हाताने उडवल्या आणि गाडी हाकणाऱ्या मामाला ऐटीत सांगितलं, की याला वेव्ह अवे म्हणतात. मामा म्हणाला, आमी याला माश्या हाकणं म्हंतो, आता तुझी पेटी धर.

असल्या बोलण्याने गप्प बसणारी चतुरा आता राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी हीच पोर पाहुणा दिसला की दाराआड जाऊन पदराचं टोक चघळायची. मग मामाने तिला तालुक्याला, मोमिनाबादला, नेऊन मुलींच्या सरकारी मदरशात घातलं. तिथे ती उर्दू शिकली, पहिल्या नंबराने पास झाली, शिकवणाऱ्या उस्तानीने सगळ्या वर्गासमोर तिचं नाव घेतलं, आणि पोर एकदम उसासारखी सरळ उभी राहायला लागली. तिच्या गावच्या, मोहळदऱ्यातल्या बाया म्हणायच्या, आश्रुबा माळ्याच्या लेकीनं पाठीला काठी बांधलीय की काय.

उर्दू मदरशातली, पण इंग्रजी पिंटोबाईंची. मामा पिंटोबाईंच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालायचा. बाईंचा नवरा छावणीतल्या घोडेस्वारांच्या रिसाल्याचा बँडमास्तर होता. रिसाला गेला, बँड गेला, बँडमास्तर मातीत गेला, आणि पिंटोबाई चार कोंबड्या आणि एक तुटक्या तारांचा पियानो घेऊन मागेच राहिल्या. दुपारी त्यांना झोप येत नसे, म्हणून त्या चतुराला व्हरांड्यात बसवून शिकवायच्या. फी म्हणून चतुराने कोंबड्या मोजून खुराड्यात घालायच्या.

पिंटोबाईंचा एक लाडका धडा होता. त्या म्हणायच्या, साहेब लोक तोंडाने नाही म्हणत नाहीत. त्यांची क्रियापदं असतात छोटी छोटी, आणि त्यांना मागे शेपूट असतं. ते शेपूट हललं की समजायचं, आपलं काम गेलं. मग बाई मांडीवरचा पावाचा चुरा बोटांनी झटकून दाखवायच्या: ब्रश असाइड. खांदे उडवायच्या: श्रग ऑफ. तोंडावर हात ठेवून हलकंसं हसायच्या: लाफ ऑफ. भिंतीच्या भेगेवर हात फिरवल्यासारखं करायच्या: स्मूद ओव्हर. आणि व्हरांड्याचा उंबरा ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहायच्या: गेट ओव्हर, म्हणजे दुःख मागे टाकून माणूस पुढे निघाला.

चतुराला हा धडा इतका आवडला, की तिने वहीत त्यासाठी वेगळी पानं राखली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे आपलं. झटकून टाकणे. खांदे उडवणे. हसण्यावारी नेणे. सारवासारव करणे. कानाआड करणे. उडवून लावणे. वाटाण्याच्या अक्षता लावणे. उजवी बाजू डावीपेक्षा लांब झाली तेव्हा तिने मोठ्या अभिमानाने वही बाईंपुढे धरली आणि म्हणाली, आमच्याकडं तर लई हायेत, बाई. पिंटोबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे आहेत बेटा, पण तुम्ही ते भांडताना वापरता. ते लोक चहा पिताना वापरतात.

चतुराने तेही लिहून घेतलं. कळलं मात्र नाही.

गावात आल्यावर चार दिवस तिने कुणाला जगू दिलं नाही. माय केसरबाई म्हणाली, भाकर जळाली तर जळाली, खा. चतुरा म्हणाली, माय, हे तू ब्रश असाइड केलंस. शेजारच्या छबुबाईने विचारलं, चौदा सरून पंधरावं लागलं पोरीला, लगीन कवा करतो रे आश्रुबा? आश्रुबा मोट हाकता हाकता हसला आणि म्हणाला, नवरदेव इंग्रजी शिकतोय, शिकला की करू. झालं, चतुरा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कठड्यावर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, की बानं लाफ ऑफ केलं, बा लाफ ऑफमधी पास.

आश्रुबा खरोखरच त्यात पास होता. त्याने आयुष्यात कुठल्याही गोष्टीला मोठी होऊ दिलं नव्हतं. गारपीट झाली, तो हसला. बैल मेला, तो दोन दिवस गप्प बसून तिसऱ्या दिवशी हसला. एका गोष्टीवर मात्र तो कधी विनोद करत नसे, ती म्हणजे विहीर. मोहळदऱ्यात आड तीन, तिन्हींचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. पिण्याजोगं पाणी एकट्या आश्रुबाच्या मळ्यातल्या विहिरीला. विहीर त्याच्या खात्यावर, पण सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथून घागरी भरायचं, आणि उरलेल्या पाण्यावर त्याची वांगी, मिरची, कोथिंबीर. कोथिंबीर घाटनांदूरच्या बाजारात जायची ती मोहळदऱ्याची म्हणून ओळखू यायची.

पाचव्या दिवशी खुंट्या आल्या.

रेल येणार, रेल येणार, हे दोन वर्षं ऐकू येत होतं. आता घाटनांदूरकडून मोजणीच्या खलाशांची टोळी साखळ्या ओढत आली आणि पांढऱ्या डोक्याच्या खुंट्या ठोकत गेली. सुताने आखल्यासारखी ओळ. एक खुंटी मोटेचे बैल चालतात त्या धावेवर, पुढची विहिरीच्या पलीकडे वांग्यांत. दोन्ही खुंट्यांना दोरी लावली असती तर ती बरोबर विहिरीच्या तोंडावरून गेली असती. लगोलग चावडीपुढे दवंडी झाली आणि उर्दू इश्तेहाराचा कागद चिकटवला. उर्दू वाचता येणारी माणसं गावात दोनच, एक पटवारी आणि दुसरी चतुरा. पटवारी घाटनांदूरला गेला होता, म्हणून चतुराने वाचला. या ओळीत ज्याची जमीन, विहीर, झाड येतं त्याने आपला उजर, म्हणजे हरकत, या खुरदाद महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, खातेदाराच्या अंगठ्यासकट, तहसिलीत द्यावा. नंतर ऐकून घेतलं जाणार नाही. ओळ थोडी सरकवायची असेल तर ती तेवढ्यात सरकेल, नाहीतर विहीर बुजवून वर भराव पडेल. चैत्र सरत आला होता. तारखेला अकरा दिवस होते.

चतुराला वाटलं, सोपं काम आहे. अर्ज ती लिहील, बा अंगठा देईल, मामा तहसिलीत नेऊन टाकील. तिने तसं चावडीवर मोठ्याने सांगितलंसुद्धा. माणसं हसली नाहीत, पण सारा वसूल करणाऱ्या मालीपाटील सुंदररावांनी असा चेहरा केला, जसा दुधात माशी दिसल्यावर करतात.

सुंदरराव पाटील बीडला तालुकदारसाहेबाच्या दरबारात जाऊन आलेलं माणूस. त्यांनी सगळ्यांना रीत समजावून सांगितली. ज्याच्या हाती काम, त्याला सोडून त्याच्या कारकुनाकडे जायचं नसतं. काम कुणाच्या हाती? रेलच्या साहेबाच्या. साहेब कुठं? गावाबाहेर आमराईत तंबू ठोकून. मग त्याला नजर, म्हणजे नजराणा, द्यायची. हातरुमालावर रुपया ठेवून दोन्ही हातांनी पुढे करायचा, गाऱ्हाणं बोलायचं. हाकिमाने रुपयाला बोट लावून तो परत केला, की नजर माफ आणि गाऱ्हाणं कबूल. बोट न लावता तोंड फिरवलं तर नामंजूर. पाटलांनी स्वतः बघितलं होतं, एकदा बोट लागल्यावर तालुकदार शब्दाला फिरला नव्हता. आणि नजर कबूल झाल्यावर वरून कागद करायचा, म्हणजे हाकिमाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणायचं. त्याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील, आश्रुबा आणि आणखी चार जाणती माणसं आमराईत गेली. आश्रुबाने साहेबाला चाखायला म्हणून विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेतला होता, आणि तो धरायला चतुरा होती. निदान सांगायला तरी तेवढंच कारण होतं. तिला साहेब बघायचा होता, त्याचं इंग्रजी ऐकायचं होतं.

साहेब तांबड्या मानेचा, उंच, आणि चक्क हसतमुख. घडीच्या मेजावर नकाशा पसरून तो चहा पीत होता. शेजारी एक कोवळा, मिशी न फुटलेला धाकटा साहेब. मधे उभा नबीभाई, साहेबाचा चपराशी, मोमिनाबादचाच माणूस, पांढरी दाढी, कमरेला पट्टा. साहेबाचं बोलणं गावाला आणि गावाचं साहेबाला पोचवायचं काम त्याचं.

पाटलांनी रुमालावर रुपया ठेवून पुढे केला. आश्रुबाने पागोटं काढून सांगितलं, की मायबाप, गावात पिण्याचं पानी एवढंच हाय, रेलची वळ दहा पावलं वर सरकली तर गाव जगंल. नबीभाईने ते थोडक्यात इंग्रजीत सांगितलं. धाकट्या साहेबाने नकाशावर बोट ठेवून विचारलं, मग त्यांच्या विहिरीचं काय, सर? साहेबाने बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं, आणि बोटांवरचा चुरा झटकता झटकता म्हणाला, "ओह, स्मूद इट ओव्हर. दे विल गेट ओव्हर इट." आणि मग त्याच बोटांनी त्याने रुमालावरचा रुपया पाटलांकडे सरकवला. हसून, हात हलवून.

बोट लागलं. पाटलांनी डोळे मिटून घेतले. मागच्या चौघांनी वाकून जमिनीला हात लावला. नबीभाई म्हणाला, "साब खुश है. फिकर मत करो. जाव आरामसे."

चतुराच्या हातातला तांब्या थंडगार होता आणि तिचे कान मात्र तापले होते. तिने ऐकलं होतं. एक अक्षर सुटलं नव्हतं. भेगेवर मातीचा हात फिरवा, आणि हे लोक दुःख ओलांडून जातील पलीकडे. पिंटोबाईंच्या व्हरांड्यात जे ऐकून ती खिदळली होती, तेच इथे आंब्याखाली बसलेल्या एका भल्या दिसणाऱ्या माणसाच्या तोंडून आलं होतं, चहाच्या घोटाबरोबर, जराही राग नसताना. तिने बापाकडे बघितलं. बा हसत होता. गारपिटीचं हसू ते नव्हतं, खरोखरचं होतं.

मग ती पुढे झाली. कुणी ढकलली नाही, कुणी अडवायच्या आत झाली. तांब्या मेजावर ठेवला आणि उसासारखी सरळ उभी राहून म्हणाली, "सर, प्लीज डू नॉट ब्रश असाइड अवर वेल."

वाक्य बिनचूक होतं. शेपूट जिथल्या तिथे होतं.

साहेबाने पेला खाली ठेवला, आणि त्याचा चेहरा असा उजळला, जसा पोपट बोलल्यावर लोकांचा उजळतो. तो धाकट्याला म्हणाला, ऐकलंस का, अरे ऐकलंस का? ब्रश असाइड म्हणाली. या रानात. त्याने तिला पुन्हा म्हणायला लावलं. कुणी शिकवलं विचारलं. पिंटोबाईंचं नाव ऐकून तर तो मांडीवर थाप मारून हसला. बँडमास्तर पिंटोचा बँड त्याने कधीतरी ऐकला होता. चतुरा मधेच पुन्हा म्हणाली, विहीर, सर, आमची विहीर. साहेबाने मान डोलावली, तांब्यातलं पाणी पेल्यात घेऊन प्यायलं, फार छान पाणी म्हणाला, आणि डब्यातली तीन बिस्किटं तिच्या हातावर ठेवली. मग नकाशाची गुंडाळी केली आणि घोडा मागवला.

परत येताना पाटील बोलता बोलता थकेनात. नजर शिवली ती शिवली, वरून साहेबानं आपल्या विहिरीचं पाणी पोटात घेतलं. पाणी पिऊन कोण बेइमानी करतो? आणि आश्रुबाची पोर काय बोलली देवाला ठाऊक, पण साहेब असा हसला, असा हसला. वेशीत शिरेपर्यंत चतुराने तीनदा सांगितलं, की साहेब नाही म्हणाला. पहिल्यांदा पाटलांनी ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, मंग बिस्किटं कावून दिली, सांग बरं? तिसऱ्यांदा त्यांनी आश्रुबाकडे बघून नुसते खांदे उडवले.

तिला रडू फुटलं ते यामुळे, की त्या खांद्यांचा अर्थ तिला दोन भाषांत येत होता.

घरी तिने बाला बसवून सगळं समजावलं. वही काढली. डावी बाजू, उजवी बाजू. साहेब काय म्हणाला, त्याचा अर्थ काय. आश्रुबाने वही उलटी-सुलटी बघितली आणि मऊपणाने म्हणाला, "पोरी, तू दोन सालं शिकली. नबीभाई वीस सालं साहेबाच्या मागं फिरतो. त्यो म्हनला फिकर करू नका. तुझं खरं धरू का त्याचं?"

मग चतुरा नबीभाईकडेच गेली. तंबू आवरायला सुरुवात झाली होती, साहेबाचा मुक्काम परळीकडे हलणार होता. नबीभाई एका पेटीवर बसून कंदिलाच्या काचा कागदात गुंडाळत होता. तिने विचारलं, चच्चा, साहेब जे बोलले ते तुम्ही कावून सांगितलं न्हाई? त्याने आजूबाजूला बघितलं. मग काच खाली ठेवून तो सांगत गेला. बीस साल में किती गावं, किती विहिरी, किती कबरस्तानं. प्रत्येक ठिकाणी लोक असेच हात जोडून उभे. साहेब लोग ना नहीं बोलते, हात हिलाते. तो हलणारा हात तसाच लोकांना दाखवला असता तर तंबूवर दगड आले असते, आणि पहिला दगड साहेबाला नाही, नबीला लागला असता. म्हणून तो साखर घालून सांगतो. साखर घातली की लोक घरी जातात.

चतुरा म्हणाली, मग आता येऊन खरं सांगा, पाटलांपुढं.

नबीभाईने मान हलवली. "तू समजी, मैं समज्या. तीसरे को समजाने जाऊं तो मेरा पट्टा उतर जाता, बेटी." आणि काच पुन्हा उचलून, तिच्याकडे न बघता, "अर्जी दे डालो. पंद्रा के पहले."

म्हणजे खरं काय ते माहीत असलेली माणसं आता दोन होती, आणि दोघांचाही उपयोग नव्हता.

तिने अर्ज लिहिला. मदरशातल्या उस्तानीने पाठ थोपटली असती असा लिहिला, वळणदार नस्तालिक अक्षरात, सरकार-ए-आलीच्या नावाने सुरुवात करून. विहिरीची खोली, पाण्याची चव, घागरींची संख्या. बापाकडे अंगठा मागितला तर तो हसला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मायला विचारलं तर ती म्हणाली, खातं माझ्या नावानं हाय का? शेवटी चतुराने खाली स्वतःचं नाव लिहिलं, अर्ज बाजाराच्या गाडीबरोबर मोमिनाबादला मामाकडे धाडला आणि मामाने बिचाऱ्याने तो तहसिलीत नेऊन दिला.

बारा तारखेला कागद परत आला. मागच्या बाजूला लाल शाईत एक ओळ होती. सायल नाबालिग, खातेदार नाही, दाखिल दफ्तर. अर्जदार अल्पवयीन आहे, कागद दप्तरात ठेवून द्यावा, विषय संपला. तहसिलीचंही चुकलं म्हणता येत नव्हतं; इश्तेहारातच अंगठ्याचं लिहिलेलं होतं. चतुरा ते दोन शब्द बघत बसली. दाखिल दफ्तर. किती सुबक लिहिले होते, किती हलक्या हाताने. वहीत डावी-उजवी दोनच बाजू होत्या, याला कुठे लिहायचं तिला कळेना. तिने लिहिलंच नाही.

पण तीन दिवस होते अजून. तेरा तारखेला सकाळी ती नवा कागद, बोरू आणि शाईची दौत घेऊन धावेवर जाऊन उभी राहिली. बैल थांबवले. ती बाला म्हणाली, "बा, मी तुला कवा खोटं बोलले का? एकदा तरी?"

आश्रुबाने मोटेचा नाडा धरून तिच्याकडे बघितलं. नंतर त्या धावेवरच्या खुंटीकडे. खुंटीचं पांढरं डोकं बैलांच्या खुरांनी मळलं होतं, पण ती हलली नव्हती. तो खाली बसला. त्याने उजवा अंगठा दौतीत बुडवला. चतुराने मांडीवर कागद ताणून धरला.

तेवढ्यात घागरीवाल्या बायांच्या मागून सुंदरराव पाटील आले. कुणीतरी जाऊन सांगितलंच होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. अंगठ्याकडे बघत ते म्हणाले, "आश्रुबा, गावानं नजर दिली, हाकिमानं बोट लावलं. आता तू तहसिलीत गेलास तर साहेबाला कळंल, की मोहळदऱ्यानं एका हातानं रुपया दिला आन दुसऱ्या हातानं फिर्याद केली. मंग वळ विहिरीवरून न्हाई, गावावरून जाईल. तवा घागरी घेऊन कुनाच्या दारात उभं राहायचं ते या बायांना सांग."

बाया आश्रुबाकडे बघत होत्या. छबुबाई म्हणाली, भाऊ, पोरीच्या नादानं गाव बुडवू नगं. चतुरा म्हणत होती, बा, टेक, बा, फक्त टेक. अंगठ्यावरचा शाईचा थेंब मोठा झाला आणि मातीत पडला.

आश्रुबाने अंगठा धोतराला पुसला. "सगळ्या गावासमोर एकट्याचा अंगठा कसा टेकू पोरी," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण ते काही त्याला नीट जमलं नाही. मग त्याने बैलांना हाक दिली. मोट विहिरीत उतरली.

चौदा गेली. पंधरा गेली. त्या दिवशी गावात काहीच झालं नाही, आणि पाटील म्हणाले, बघा, काहीच झालं न्हाई. चतुराने इंग्रजी बोलणं सोडलं होतं. कोंबडी अंगणात आली तर ती तिला मुकाट्याने हाकलायची.

वैशाखात एका सकाळी पन्नास-साठ गाढवं, पाट्या, कुदळी आणि बायकापोरं घेऊन वडारांचा तांडा मळ्याच्या बांधावर उतरला. बरोबर एक मद्रासी मिस्त्री, काळा कोट घातलेला, ज्याला मराठी येत नव्हती, उर्दू येत नव्हती, आणि जो वडारांशी त्यांच्या भाषेत आणि कागदाशी इंग्रजीत बोलत होता. त्याने खुंट्यांमधून दोरी ताणली. ती विहिरीच्या तोंडावर जाऊन बसली. तासाभरात सगळं गाव धावेवर गोळा झालं.

पाटलांचा चेहरा उतरला होता, पण रीत सुटली नव्हती. ते म्हणाले, याला हुकूम पोचला नसंल. मग सगळ्यांच्या आधी तेच चतुराकडे वळले, आणि पहिल्यांदाच तिला बाई म्हणाले. "चतुराबाई, तुझ्यावर साहेब खूश व्हता. तूच सांग याला, नजर माफ झालीय म्हनून."

चतुरा पुढे गेली. मागून तिला आपल्या बाची नजर पाठीला लागलेली कळत होती. तिने मिस्त्रीला सगळं सांगितलं, जेवढं येत होतं तेवढ्या इंग्रजीत. रुपया, बोट, रुमाल, पाणी. अडखळली, पण सांगितलं. मिस्त्रीने कोटाची गुंडी लावली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाही हसला नाही. मग त्याने कागद उलगडून तिला तारीख दाखवली आणि म्हणाला, "नो. आय ॲम सॉरी. इट इज टू लेट."

त्या वाक्यात हलणारं काहीच नव्हतं. तिच्याशी कुणीतरी सरळ बोललं होतं, आणि ते हे होतं.

ती वळली. चाळीस तोंडं तिच्याकडे बघत होती, कमरेवर रिकाम्या घागरी, डोईवर ऊन. नबीभाई असाच उभा राहत असेल, तिला वाटलं. थोडी साखर घातली तर हे सगळे निदान आजचा दिवस घरी जातील. साखर तिला येतही होती. मोडक्यातोडक्या नव्हे, चांगल्या पहिल्या नंबराच्या मराठीत येत होती.

"न्हाई म्हनले," ती म्हणाली. "उशीर झाला म्हनले."

मग पाटील म्हणाले, नीट इचार पोरी, तुला बराबर कळलं नसंल. छबुबाई म्हणाली, त्या येळंला बिस्किटं खाल्ली, तवा काय बोलून बसली कुनाला ठावं. मागून कुणी म्हणालं, दुसरा माणूस आणा इंग्रजीवाला, घाटनांदुराहून आणा. सगळे एकदम बोलायला लागले, आणि चतुरा मधे उभी राहून तेच तेच सांगत राहिली, न्हाई म्हनले, न्हाई म्हनले, आणि कुणाच्याच कानात ते शिरेना.

आश्रुबा त्यांच्यात नव्हता. तो विहिरीच्या काठावर गेला होता. त्याने बैल हाकून मोट शेवटची वर ओढली आणि थारोळ्यात रिती केली. मग बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं, आणि खाली बसून मोटेचा नाडा सोडायला लागला. गाठ जुनी होती, पाण्याने घट्ट झालेली. त्याने एकदा दाताने धरून बघितली. मान वर न करता त्याने हाक मारली, "चतुरे, इकडं ये. ह्ये टोक धर."

ती गेली आणि तिने टोक धरलं. बांधावर वडारांनी मातीची पहिली पाटी भरली होती.